खाडीचा पाठ

कोकणातील नद्या लांबीने लहान, पण स्वभावाने मोठ्या विलक्षण. सह्याद्रीच्या माथ्यावर जन्म घ्यावा, कड्यांवरून उड्या टाकीत खाली यावे आणि थोड्याच अंतरावर समुद्राच्या कुशीत विसावावे, असा त्यांचा जीवनक्रम. समुद्र जवळ आला, की त्यांचा वेग मंदावतो, पात्र रुंदावते आणि तेथे एक नवल पाहावयास मिळते. दिवसातून दोन वेळा नदीचे पाणी उलटे, म्हणजे डोंगराच्या दिशेने, वाहू लागते! समुद्राची भरती नदीच्या मुखातून आत शिरते, काही तास चढत राहते आणि मग ओहोटीबरोबर माघारी फिरते. नदीच्या अशा भागाला आपण खाडी म्हणतो.

रत्नागिरी जिल्ह्यातील वाशिष्ठी ही अशीच एक नदी. सह्याद्रीतून निघून ती चिपळूणवरून वाहते. पुढे खेडकडून येणारी जगबुडी तिला मिळते आणि दाभोळ व अंजनवेल यांच्यामधून ती अरबी समुद्रात प्रवेश करते. भरतीचे पाणी दाभोळपासून चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत चढते. पूर्वी या पाण्यावर स्वार होऊन मालाची गलबते थेट गोवळकोटच्या धक्क्याला लागत.

या खाडीच्या काठी एका लहानशा गावात एक वृद्ध तांडेल राहत असत. तांडेल म्हणजे नौकेचा प्रमुख. त्यांचे उभे आयुष्य दर्यावर गेले होते. आता थकल्यामुळे ते अंगणात बसून जाळी विणीत आणि मन झाले, की होडके घेऊन खाडीत फेरी मारीत. एका वैशाखात त्यांचा बारा वर्षांचा नातू सुटीसाठी त्यांच्याकडे आला. येताना त्याने गळ, दोरी आणि शिशाचे वजन विकत आणले होते. यंदा आपण स्वतः मासे धरायचे, आणि तेही आजोबांच्या मदतीवाचून, असा त्याने निश्चय केला होता. गळाने मासे धरण्याला कोकणात ‘गरवणे’ म्हणतात. हे गरवणे म्हणजे काय मोठेसे, असे त्याला वाटत होते.

पहिल्या दिवशी न्याहारी आटोपून तो धक्क्यावर जाऊन बसला. गळाला कोळंबी लावली आणि अंगातील सगळे बळ एकवटून त्याने ती खाडीच्या मधोमध भिरकावली. पात्र जेथे सर्वांत रुंद, तेथेच मासे सर्वांत जास्त, असा त्याचा हिशेब. दुपारपर्यंत दोरी जराही हलली नाही. दुसऱ्या दिवशी तसेच झाले. तिसऱ्या दिवशी गळ खडकात अडकून तुटला. तो हिरमुसला होऊन घरी आला आणि म्हणाला, “आजोबा, या खाडीत मासेच उरलेले नाहीत.”

आजोबांनी विणकाम थांबवले नाही. ते म्हणाले, “आज पहाटे शेजारच्या काकी टोपली भरून मासे बाजारात घेऊन गेल्या. ते कोठून आले असतील?”

नातू गप्प बसला.

“अरे, मासे आहेत, पण तुझा गळ जेथे पडतो तेथे नाहीत, आणि मासे जेव्हा येतात तेव्हा तू नसतोस. उद्या गळ घरीच ठेव. वही आणि पेन्सिल घे. उद्या अमावास्या आहे. सायंकाळी पाच वाजता आपण खाडी वाचायला जाऊ.”

खाडी वाचायची म्हणजे काय, हे नातवाला कळेना. पण दुसऱ्या दिवशी तो वही घेऊन होडक्यात बसला आणि पाहतो तो काय, खाडीचे रूप पार पालटलेले! अमावास्या आणि पौर्णिमा या दिवसांच्या सुमारास सूर्य आणि चंद्र यांचे आकर्षण एकत्र होते. त्यामुळे भरतीचे पाणी नेहमीपेक्षा वर चढते आणि ओहोटीचे पाणी नेहमीपेक्षा खाली उतरते. यालाच उधाण म्हणतात. उधाणाच्या त्या ओहोटीने खाडीवरची जणू चादरच ओढून घेतली होती. तीन दिवस जेथे केवळ पाण्याचा सपाट पसारा दिसत होता, तेथे आता खडक, खळगे, चिखलाचे उतार आणि वाळूची एक लांबलचक पुळण उघडी पडली होती.

आजोबा म्हणाले, “भरतीच्या वेळी खाडी आपले घर झाकून ठेवते. ते आत्ता पाहून घे. माशाला तीन गोष्टी लागतात : अन्न, आराम आणि आसरा. वाहत्या पाण्याशी दिवसभर झुंजत राहणे त्याला परवडत नाही. जेथे अन्न वाहून येते आणि जेथे आडोशाला स्वस्थ थांबता येते, त्या दोन जागांच्या सीमेवर तो उभा असतो. अशा जागा शोध आणि वहीत मांड.”

होडके हळूहळू पुढे सरकू लागले आणि नातवाच्या वहीत खाडीचा नकाशा उमटू लागला.

पहिली जागा वळणावरची. तेथे खाडी डावीकडे वळत होती. वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाणी जोराने आदळते आणि तळ खरवडून काढते. म्हणून तेथे डोह होतो. आतल्या अंगाला पाण्याचा जोर कमी; म्हणून तेथे वाळू साचते आणि पुळण तयार होते. आजोबांनी लांब काठी पाण्यात खुपसून दाखवली. एका काठाशी ती हातभरही बुडाली नाही. दुसऱ्या काठाशी तिला तळच लागला नाही. ओहोटीच्या वेळी उथळ जागा उघड्या पडू लागल्या, की मासे या डोहात येऊन राहतात.

दुसरी जागा पऱ्ह्याच्या तोंडाशी. काठावरच्या कांदळवनातून एक लहानसा ओहोळ खाडीला येऊन मिळत होता. तिवरांची बोटभर उंचीची श्वसनमुळे चिखलातून खिळ्यांसारखी वर आली होती. आजोबा म्हणाले, “भरतीच्या वेळी लहान मासे आणि कोळंबी या मुळांच्या जाळीत शिरतात. तेथे त्यांना चारा मिळतो आणि मोठ्या माशांपासून संरक्षणही मिळते. ओहोटी लागली, की त्यांना बाहेर पडावेच लागते. बाहेर पडण्याची वाट एकच, ती म्हणजे हे तोंड. मोठे मासे याच तोंडाशी टपून बसतात. जत्रा सुटल्यावर फुटाणेवाला वेशीवरच बसतो ना, तसेच हे.”

तिसरी जागा जुन्या धक्क्याच्या पडक्या दगडांची. प्रवाह दगडावर आपटतो आणि दगडाच्या मागे लहानसा उलटा भोवरा तयार होतो. तेथे पाणी जवळजवळ स्थिर असते. दगडांवर शेवाळ आणि कालवे वाढतात. शेवाळ खायला काळुंदर येतो, तर कपारीत तांबोशी दबा धरून बसते.

चौथी जागा पुळणीची कड. ओहोटीत पुळण उघडी पडते, तेव्हा तिच्यावर लहान खेकड्यांची आणि किड्यांची असंख्य बिळे दिसतात. भरतीचे पहिले पाणी पुळणीवर चढू लागले, की त्या पाण्याबरोबर मुडदुशी आणि बोय यांसारखे मासे चरायला येतात, आणि त्यांच्या मागोमाग त्यांना खाणारा खजुराही येतो. या खजुऱ्यालाच काही भागात जिताडा म्हणतात.

पाचवी जागा काठावरची नव्हे, पाण्यावरचीच होती. खाडीच्या मध्यापासून थोडी अलीकडे फेसाची, पाने-काड्यांची एक लांब रेघ तरंगत होती. तिच्या एका बाजूचे पाणी हिरवट, तर दुसऱ्या बाजूचे मातकट होते. नातवाने कारण विचारले. आजोबा म्हणाले, “येथे दोन पाण्यांची भेट होते. समुद्राचे पाणी खारे, म्हणून जड. नदीचे पाणी गोडे, म्हणून हलके. भरतीचे खारे पाणी तळाशी तळाशी आत सरकते आणि गोडे पाणी त्याच्या पाठीवरून वाहते. जेथे दोन प्रवाह एकमेकांना घासतात तेथे अशी रेघ उमटते. पाण्यावरचा सारा पालापाचोळा, मेलेले किडे, सगळे तेथे गोळा होते. मग माशांची पंगत बसायला कितीसा वेळ लागणार?”

“पण आजोबा, उन्हाळ्यात नदीला गोडे पाणी कोठून येते?”

“चांगले विचारलेस. पूर्वी उन्हाळ्यात ते फारच थोडे असे. पण सह्याद्रीपलीकडचे कोयना नदीचे पाणी बोगद्यातून अलीकडे आणून त्यावर वीज तयार करतात. ते काम १९६२ साली सुरू झाले. वीज तयार झाल्यावर ते पाणी वाशिष्ठीत सोडले जाते. त्यामुळे आपल्या नदीला उन्हाळ्यातही गोडे पाणी असते. वरून पाणी कमी-अधिक सुटले, की खाऱ्या पाण्याची हद्द पुढेमागे सरकते आणि मासेही त्याप्रमाणे जागा बदलतात. म्हणून आजची खाडी उद्या तशीच असेल, असे समजू नकोस.”

इतक्यात पलीकडच्या काठावर चिखलात पडलेले एक जाडजूड लाकूड हलले आणि सावकाश पाण्यात सरकले. नातवाच्या अंगावर काटा उभा राहिला. ती मगर होती. चिपळूणच्या परिसरातील या खाडीत मगरी आहेत आणि ऊन खाण्यासाठी त्या काठावर येऊन पडतात. आजोबांचा आवाज प्रथमच कठोर झाला. ते म्हणाले, “नकाशात हेही लिही. कांदळवनाच्या कडेला पाण्यात पाय घालायचा नाही. गढूळ पाण्यात उतरायचे नाही. दिवेलागणीनंतर पाण्याजवळ थांबायचे नाही. आणि कोठेही गुडघ्याच्या वर पाणी येऊ द्यायचे नाही. ज्याला हे चार नियम पाळता येत नाहीत, त्याने गरवू नये.”

त्या रात्री जेवणे झाल्यावर आजोबांनी भिंतीवरची दिनदर्शिका खाली काढली. जागा कळल्या, आता वेळ कळायला हवी होती.

“कोकणातल्या कोळ्यांचा एक जुना हिशेब आहे,” ते म्हणाले. “आजची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल, तर चाराची पाऊणपट किती?”

“तीन.”

“म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला?”

“सहा वाजता.”

“बरोबर. पौर्णिमा झाली, की पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचे. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी आणि आणखी तितक्याच वेळाने पुन्हा भरती. चंद्र रोज उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. हा हिशेब ठोकळ आहे आणि तो समुद्रकाठचा आहे. पाणी मुखातून येथवर चढून येण्यास आणखी वेळ लागतो. आपल्या गावी मी पाऊण तास जास्त धरतो. वाऱ्यापावसाने त्यातही फरक पडतो. म्हणून हिशेब घरी करावा, पण विश्वास काठावरच्या खुणेवर ठेवावा.”

नातवाला आपली चूक उमगली. तीन दिवस तो न्याहारी झाली म्हणून खाडीवर जात होता. खाडीची वेळ काय, हे त्याने पाहिलेच नव्हते.

“पाणी वाहते असते तेव्हाच मासे चरतात,” आजोबा पुढे सांगू लागले. “भरती पूर्ण झाली, की पाणी थोडा वेळ थांबते, तेव्हा मासेही सुस्त होतात. ओहोटीच्या शेवटी तसेच होते. पाणी पुन्हा हलू लागले, की त्यांची भूक जागी होते. मात्र उधाणाच्या दिवसांत पाणी फार जोरात ओढते आणि गढूळही होते. तेथे नवशिक्याचे वजन तळाशी ठरत नाही. अष्टमीच्या सुमारास येते ती भांगाची भरती. तिला जोर फार कमी. नवशिक्याने या दोन्हींच्या मधले दिवस निवडावेत. आता शेवटची गोष्ट. पाणी सारख्या वेगाने चढत नाही. समज, ते सहा तासांत बारा विती चढणार आहे. मग दर तासाला किती चढेल?”

“दोन विती,” नातू चटकन म्हणाला.

“तू फसलास! पहिल्या तासाला एक वीत, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, चौथ्याला तीन, पाचव्याला दोन आणि सहाव्याला एक. पहिला तास पाहून माणूस म्हणतो, ‘पाणी काय, सावकाश येते आहे.’ आणि तेथेच घात होतो. मधल्या दोन तासांत निम्मी भरती येऊन जाते.”

नातवाने वहीत आकडे लिहिले : १, २, ३, ३, २, १. बेरीज बारा.

चतुर्थीच्या दिवशी चारच्या पुढे ओहोटी लागली. पाचच्या सुमारास नातू पऱ्ह्याच्या तोंडाजवळ, पण पाण्यापासून चांगल्या अंतरावर, एका उंच खडकावर बसला होता. त्याने गळ लगेच टाकला नाही. आधी त्याने पाहिले. एक खंड्या वाकलेल्या फांदीवरून पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी सूर मारीत होता. पऱ्ह्याच्या तोंडाशी लहान मासळीचा थवा एकाएकी पाण्याबाहेर उसळला आणि चांदीच्या मुठीसारखा विखुरला. खाली कोणीतरी पाठलाग करीत होते. नातवाने गळ त्या थव्यावर टाकला नाही. वाहते पाणी आणि संथ पाणी यांच्या सीमेवर, जेथे फेस गोल फिरत होता, तेथे त्याने तो अलगद सोडला.

दोरीला एक हिसका बसला. पुन्हा एक. नातवाने दोरी ओढली आणि तळहाताएवढी मिशाळ शेंगटी खडकावर येऊन पडली. तो तिला धरायला झेपावणार, तोच आजोबा ओरडले, “थांब! तिच्या पाठीवर एक आणि दोन्ही कुशींना एकेक काटा आहे. तो लागला, तर रात्रभर ठणका सोसावा लागेल.” त्यांनी ओल्या फडक्यात धरून शेंगटी सोडवली. सूर्य कलेपर्यंत नातवाला आणखी दोन शेंगट्या मिळाल्या आणि शेवटी एक लालसर, देखणा मासा मिळाला. ती तांबोशी होती. पण जेमतेम वीतभर.

“ही परत सोड,” आजोबा म्हणाले.

“का? किती सुंदर आहे!”

“हे तांबोशीचे पिल्लू आहे. तांबोशी लहानपणी खाडीत आणि कांदळवनात वाढते, मोठी झाली, की समुद्रात जाते आणि तेथे तिची वीण होते. पिल्लेच खाल्ली, तर पुढे समुद्रात जायला कोण उरणार? जून-जुलैत समुद्रावरच्या यांत्रिक नौका दोन महिने बंद ठेवतात, तीही माशांना वीण करायला उसंत मिळावी म्हणून. मोठ्यांनी नौका बंद ठेवायच्या आणि लहानांनी पिल्ले मारायची, हे बरे दिसत नाही.”

नातवाने मासा दोन्ही हातांत धरून पाण्यात सोडला. क्षणभर तो तेथेच थबकला आणि मग मुळांच्या अंधारात नाहीसा झाला. त्या रात्री शेंगट्यांचे कालवण झाले. आजीने पहिला घास नातवाला दिला आणि त्याला वाटले, की असे कालवण आपण जन्मात खाल्ले नव्हते.

दिवस जात होते. पौर्णिमा उलटून वद्य द्वितीया आली. एव्हाना नातवाची वही अर्धी भरली होती. कोणत्या तिथीला, कोणत्या वेळी, कोणत्या जागी काय मिळाले आणि काय मिळाले नाही, हे तो रोज लिहीत असे. मिळाले नाही, हेही लिहिण्यास आजोबांनी त्याला बजावले होते. कारण रिकाम्या हातानेही खाडी काहीतरी सांगतच असते. त्या दिवशी त्याने प्रथमच एकट्याने पुळणीवर जाण्याची परवानगी मागितली. आजोबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “जा. पण पौर्णिमेनंतरचे एक-दोन दिवस उधाणाचा जोर सर्वांत जास्त असतो. पुळण आणि काठ यांच्यामध्ये जो खोलगट भाग आहे, त्याकडे लक्ष ठेव. भरती समोरून येताना दिसते, पण ती पाठीमागून वाट अडवते.”

नातवाने हिशेब केला. दोनाची पाऊणपट दीड. दुपारी दीडच्या सुमारास समुद्रकाठी भरती, म्हणजे सकाळी सव्वासातला ओहोटी, गावाजवळ आठला. आठ वाजता तो घोट्याएवढ्या नितळ पाण्यातून पुळणीवर गेला. जाताना त्याने खोलगट भागात एक काठी रोवली आणि आपल्या गुडघ्याच्या उंचीवर तिला एक लाल चिंधी बांधली. चिंधी भिजली, की माघारी फिरायचे, असे त्याने स्वतःलाच बजावले.

पहिला तास संथ गेला. पाणी एक वीत चढले. त्याला चार मुडदुशा मिळाल्या. दुसरा तास सुरू झाला आणि मासळी खळबळली. पुळणीच्या कडेला मोठी लाट फुटावी तसा आवाज झाला आणि त्याच्या हातातील दोरी सरसर धावू लागली. एक रुपेरी, रुंद पाठीचा मासा पाण्याबाहेर उसळला आणि डोके झाडून पुन्हा बुडाला. खजुरा! खाडीवरच्या मोठ्या माणसांनाही वर्षातून क्वचितच लाभणारा एवढा मोठा खजुरा होता तो. दोरी त्याच्या बोटांत रुतू लागली. एक पाऊल पुढे, दोन पावले मागे, अशी झुंज सुरू झाली. मासा हळूहळू दमत होता. आणखी थोडा वेळ, फक्त थोडा वेळ, आणि तो पुळणीवर येणार होता.

नातवाने मान वळवून मागे पाहिले. काठीवरची लाल चिंधी दिसत नव्हती. नीट पाहिले, तेव्हा ती पाण्याखाली हलताना दिसली.

त्याच्या मनात क्षणभर सारे काही एकदम आले : आजीचा चेहरा, गावातील मुलांचे डोळे, मासा खांद्यावर टाकून धक्क्यावरून चालत जाणे. आणि त्यामागोमाग वहीतील आकडे आले : १, २, ३, ३. हा दुसरा तास होता. पुढचा तास तीन वितींचा.

त्याने कमरेची सुरी काढली आणि दोरी कापली.

दोरीचे टोक सळसळत पाण्यात गेले. मुडदुशांची पिशवी गळ्यात अडकवून तो काठीच्या दिशेने निघाला. पाणी गुडघ्याच्या थोडे वर आले होते आणि पायांना ओढ जाणवत होती. तो धावला नाही. काठी उपटून तिचा आधार घेत, एकेक पाय घट्ट रोवत तो काठावर आला. वर पोचून त्याने मागे पाहिले. ज्या वाटेने तो आला होता, तेथे पाणी आता वेगाने धावत होते. तासाभरात ते पुरुषभर खोल झाले नसले, तरी त्याला वाहवून नेण्याइतके नक्कीच झाले, आणि भर भरतीच्या वेळी पुळणीचा मागमूसही उरला नाही.

काठावर आजोबा उभे होते. त्यांनी काही विचारले नाही. नातवाने पाहिले, तर होडक्याची दोरी सोडलेली होती आणि वल्हे आजोबांच्या हातात होते.

“आजोबा, खजुरा होता,” तो हळूच म्हणाला.

“पाहिला मी. चांगला मोठा होता.” आजोबांनी होडके पुन्हा खुंट्याला बांधले. “सुरी बरोबर नेलीस, हे फार बरे केलेस.”

घरी आल्यावर नातवाने वही उघडली आणि लिहिले : ‘वद्य द्वितीया. सकाळी सव्वानऊ. पुळणीची बाहेरची कड. भरतीचा दुसरा तास. एक खजुरा. सोडला.’ थोडा विचार करून त्याने खाली आणखी एक ओळ लिहिली : ‘पुढच्या वेळी चिंधी दोन बोटे खाली बांधावी.’

ते वाचून आजोबा मोठ्याने हसले. खाडीचा पाठ नातवाला कळू लागला होता. मासे कोठे मिळतात, हे ज्याला शिकायचे असते, त्याने प्रथम पाणी कोठून येते, कोठे जाते आणि कोठे थांबते, हे शिकावे लागते. आणि हे शिकताना, आपण कोठे थांबावे, हेही तो शिकतो.

अभ्यास

१. एक-दोन वाक्यांत उत्तरे द्या.
(अ) नदीच्या कोणत्या भागाला खाडी म्हणतात?
(आ) माशाला कोणत्या तीन गोष्टी लागतात?
(इ) उधाण केव्हा येते व का येते?
(ई) आजोबांनी तांबोशी परत सोडण्यास का सांगितले?

२. सविस्तर उत्तरे लिहा.
(अ) नातवाला पहिले तीन दिवस मासे का मिळाले नाहीत? त्याच्या दोन चुका सांगा.
(आ) वहीतील नकाशातल्या पाच जागांचे वर्णन करा व प्रत्येक जागी मासे का येतात ते लिहा.
(इ) नातवाने दोरी का कापली? त्या क्षणी त्याच्या मनात कोणते विचार आले?
(ई) ‘भरती समोरून येताना दिसते, पण ती पाठीमागून वाट अडवते’ या वाक्याचा अर्थ पाठातील प्रसंगाच्या आधारे स्पष्ट करा.

३. हिशेब करा.
(अ) षष्ठी आणि दशमी या तिथींना समुद्रकाठी पूर्ण भरती सुमारे किती वाजता येईल?
(आ) भरतीचे पाणी सहा तासांत १२ विती चढत असेल, तर पहिल्या तीन तासांच्या अखेरीस ते किती विती चढलेले असेल?

४. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
हिरमुसला होणे, अंगावर काटा उभा राहणे, दबा धरून बसणे, मागमूस न उरणे.

५. होडक्याची दोरी सोडलेली होती आणि वल्हे आजोबांच्या हातात होते, यावरून आजोबांच्या स्वभावाविषयी तुम्हांला काय कळते? पाच-सहा ओळींत लिहा.

६. तुमच्या गावाजवळची नदी, ओढा किंवा तळे वडील माणसांबरोबर काठावरून पाहा. पाणी कोठे वेगाने वाहते, कोठे थांबते आणि तेथे कोणते पक्षी येतात, याची आठ दिवस नोंद ठेवा.